वरची रेघ

माझ्या सासऱ्यांना दिसेनासं झालं तेव्हा सगळं ल्यूशी गाव हळहळलं. हळहळायला काही लागत नाही. पुलावरून जाताना च्यक् च्यक् करायचं आणि घरी जाऊन गरम भात खायचा. राबायची पाळी आली ती माझ्या नणंदेवर, बीयुनवर.

सासऱ्यांना लोक यान गुरुजी म्हणत. नदीवर आमचा जुना लाकडी पूल आहे, वर कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं. तिथे मधोमध त्यांचं टेबल. एका अंगाला बुद्धिबळवाले म्हातारे, दुसऱ्या अंगाला बांबूचे सुके कोंब विकणारी हुआ मावशी. तिचा अर्धा जीव कोंबांत आणि अर्धा गुरुजींकडे येणाऱ्यांच्या भानगडीत. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या मुलाला कारखान्यात नोकरी लागेल का, कुणाचा नवरा फूचौहून कधी परतणार, सगळे प्रश्न त्या टेबलावर येत.

काम दिसायला सोपं. ज्याला विचारायचंय त्याने तीन जुनी पितळी नाणी ओंजळीत खुळखुळवून बशीत टाकायची. असं सहा वेळा. दर वेळी एक रेघ मिळते, अखंड नाहीतर तुटकी, आणि रेघा खालून वर रचत जातात, भिंत बांधावी तशा. नाण्याच्या एका अंगावर चार अक्षरं असतात, ते तोंड. दुसऱ्यावर दोनच, ती पाठ. पाठी एक किंवा तीन आल्या तर रेघ अखंड, दोन आल्या किंवा एकही नाही आली तर तुटकी. तिन्ही नाणी एकाच अंगावर पडली की ती रेघ हलती. हलती रेघ होती तशी राहत नाही. अखंड असेल तर तुटते, तुटकी असेल तर सांधली जाते, आणि पहिल्या आकृतीतून दुसरी निघते. पहिली म्हणजे आज तुम्ही कुठे उभे आहात ते, दुसरी म्हणजे रस्ता कुठे पोचतो ते. एकच रेघ हलली तर तिचंच ऐकायचं. दोन हलल्या तर वरचीचा शब्द मोठा. मला हे कुणी बसवून शिकवलेलं नाही. ज्या घरात जेवतानाही हेच चालतं, तिथे कानावर दुसरं पडणार काय?

काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर सासरे बीयुनला म्हणाले, "पोरी, आता तूच माझे डोळे." तेव्हापासून ती त्यांना हाताला धरून पुलावर न्यायची, शेजारी बसायची, आणि नाणी पडली की मोठ्याने सांगायची, "दोन पाठी, एक तोंड." सासरे नाणी गोळा करायचे, गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचे. आकृती त्यांच्या डोक्यात तयार व्हायची. बीयुन तेव्हा सव्वीस वर्षांची होती. कापडाच्या गिरणीतली नोकरी तिने त्यासाठीच सोडली. माझा नवरा वनबिन त्यांचा एकुलता मुलगा, पण तो ट्रक घेऊन महिन्यातून तीन आठवडे बाहेर. आणि मी? मला चूल, दोन पोरं आणि डुकरं होती. बीयुन पुलावर बसते म्हणून मला बसावं लागत नाही, हे मला चांगलं कळत होतं. ते मला सोयीचंही होतं. उगाच साळसूदपणा कशाला?

मग तांग हाइशंग आला. बोटीच्या इंजिनांचा मिस्त्री, हात कायम काळे, बोलणं मात्र स्वच्छ. त्याला शियामेनच्या गोदीत काम मिळालं होतं आणि त्याला बीयुनला लग्न करून न्यायची होती. तो रीतसर घरी आला, डुकराची आख्खी तंगडी, चहा आणि सिगारेटची पाकिटं घेऊन. सासऱ्यांच्या समोर स्टुलावर अवघडून बसला.

"शियामेन लांब आहे," सासरे म्हणाले.

"बसने एक दिवस, बाबा," हाइशंग म्हणाला. त्याने सरळ बाबा म्हटलं तेव्हा बीयुन दारामागे लाल झाली.

"अजून झालो नाही मी तुझा बाबा." सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "नाण्यांना विचारू. ती जा म्हणाली तर मी आडवा येणार नाही."

घरच्यांसाठी नाणी टाकायची नाहीत हा सासऱ्यांचा स्वतःचाच नियम. आपल्या माणसाच्या बाबतीत मन वाकडं जातं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. वनबिनच्या आईच्या आजारपणातही त्यांनी नाण्यांना हात लावला नव्हता. त्या दिवशी तो नियम त्यांनी मोडला, आणि आम्हाला वाटलं, केवढं हे लेकीवरचं प्रेम.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर बशी मांडली. नाणी बीयुनने टाकली, बीयुनने बघितली, बीयुननेच सांगितली. सासरे डोळे मिटून ऐकत होते. मी अळकुड्या सोलत कोपऱ्यात. पहिली रेघ तुटकी. दुसरी तुटकी, तिन्ही तोंडं, म्हणजे हलती. तिसरी अखंड, चौथी तुटकी, पाचवी अखंड. सहाव्या वेळी नाणी पडली आणि बीयुनने क्षणभर श्वास रोखला.

"तीन पाठी," ती म्हणाली. "अखंड. हलती."

सासऱ्यांनी बशीत हात घातला, नाणी गोळा केली, मुठीत धरली. बराच वेळ धरून बसले.

"रानहंसाची आकृती," ते म्हणाले. हंस पायरी पायरीने वर चढतो आणि मुलगी सासरी जाते, अशी ती आकृती. माझ्यासारखीलाही ठाऊक होतं, लग्नासाठी याहून चांगली मिळणं कठीण. बीयुनचे डोळे चमकले. "पण दोन रेघा हलल्या. तेव्हा शब्द वरचीचा. वरच्या रेघेत हंस उडून जातो आणि त्याची पिसं पूजेच्या कामी येतात. उडाला तो उडाला, पिसं घरच्या देव्हाऱ्यात राहिली. आणि दोन्ही रेघा हलून पुढे काय निघतं ते बघ, पोरी. तू शिकलीस ना?"

बीयुनने बोटांवर रेघा फिरवल्या. खालून दुसरी सांधली, वरची तुटली.

"विहीर," ती म्हणाली.

"विहीर. गाव उठून दुसरीकडे जातं, विहीर जात नाही." सासऱ्यांनी नाणी कापडात गुंडाळली. "मी काही म्हणत नाही. नाणी म्हणतात."

संध्याकाळी मी अंगणात भांडी घासत होते. बीयुन माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"वहिनी, वरची रेघ हलती नव्हती."

"म्हणजे?"

"एक पाठ, दोन तोंडं होती. साधी अखंड. मी खोटं सांगितलं."

माझ्या हातातली कढई खाली पडली. "का गं, बाई? रानहंस आला होता ना? सरळ सासरी पोचवणारा!"

"हलती रेघ एकटी दुसरी होती. तिच्यात हंस खडकावर बसून निवांत खातोपितो. मला वाटलं, बाबा म्हणतील, बघ, बसून राहा, खाऊनपिऊन सुखी राहशील. वरच्या रेघेत तो उडतो. मला वाटलं, उडणारा हंस आला की ते अडवणार नाहीत." ती रडत नव्हती, ते जास्त वाईट. "पुढे काय निघेल ते मी बघितलंच नाही, वहिनी. एक हलली असती तर पुढे वारा निघत होता. वाऱ्याच्या आकृतीत लिहिलंय, निघा, जाण्यात भलं आहे. मी माझ्या हाताने वाऱ्याची विहीर केली."

दुसऱ्या कुणाला असलं खोटं सुचलंही नसतं. रेघा शिकलेल्या मुलीलाच हे जमतं, आणि तीच त्यात अडकते.

"जा आत्ता, सांग त्यांना."

"काय सांगू? नाण्यांपुढे खोटं बोलले? आणि सांगून काय? एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नसतो. विचारला की नाणी थट्टा करतात." तिने जमिनीवरची राख बोटाने पुसली. "नाण्यांनीच शिक्षा दिली, वहिनी. मला जायचं होतं, म्हणूनच ती नाही म्हणाली."

मी तिला खूप बोलले. वेडी आहेस, पितळेच्या तुकड्यांना कसली शिक्षा, म्हणाले. पण ती यान गुरुजींची मुलगी होती. लहानपणापासून त्या टेबलाखाली खेळलेली. तिला माझं म्हणणं म्हणजे अडाण्याची बडबड.

हाइशंगला तिने पुलावरच सांगितलं, हुआ मावशीच्या कानांदेखत. त्याने काळे हात पाटलोणीला पुसले. मग म्हणाला, "मी विहिरीशी लग्न करायला नव्हतो आलो, बीयुन. तुझ्याशी आलो होतो. तू काय म्हणतेस?"

बीयुनने पुढच्या गिऱ्हाइकासाठी बशी सरकवली. तो दुपारच्या बसने गेला. वर्षाच्या आत त्याने शियामेनला लग्न केलं, तेही हुआ मावशीनेच आम्हाला सांगितलं. मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यातली मुलगी आहे, गोरी आहे, असं सगळं साग्रसंगीत. बीयुन ते ऐकत गिऱ्हाइकाची नाणी मोजत राहिली. दोन तोंडं, एक पाठ.

दोन वर्षं अशीच गेली. बीयुन वाळली. बोलणं तुटक झालं. पोरं तिच्याकडे जाईनाशी झाली. सासरे मात्र जाड झाले, पुलावर त्यांचं नाव आणखी वाढलं. लोक म्हणायचे, गुरुजी, मुलगी मिळावी तर अशी. सासरे हसून मान हलवायचे.

त्या हिवाळ्यात बीयुनला सणकून ताप आला. पुलावर मला जावं लागलं. जाताना मी मनात दहा शिव्या घातल्या, थंडीला आणि नवऱ्याला. समोर डुकरांचा एक दलाल बसला होता, भागीदारीत पडावं की नाही विचारायला. तिसऱ्या खेपेला नाणी पडली. एक नाणं बशीच्या कडेला टेकून तिरकं झालेलं.

"तीन पाठी, बाबा. हलती."

सासऱ्यांनी नाणी उचलली. अंगठा एकेका नाण्यावरून फिरला. "मेइजू, नीट बघत जा. दोन पाठी आणि एक तोंड."

आणि ते पुढे बोलायला लागले. दोन होत्या की तीन, मला खरंच नीट दिसलं नव्हतं. पण त्यांना कसं दिसलं?

पुढच्या खेपेला मी डोळे फाडून बघितलं. सरळ सरळ एक पाठ, दोन तोंडं. मी म्हणाले, "तीन तोंडं, हलती."

अंगठा फिरला. "आज तुझं लक्ष कुठे आहे?" सासरे चिडले. "एक पाठ, दोन तोंडं. अहो, माफ करा. सुनेला सवय नाही. डुक्कर असलं तरी धंदा आहे. चुकीची रेघ धरून मी तुम्हाला खड्ड्यात घालणार नाही."

चाळीस वर्षं तीच तीन नाणी हाताळलेला माणूस. झिजलेली अक्षरंसुद्धा त्याच्या अंगठ्याला वाचता येत होती. त्याला डोळ्यांची गरज नव्हती. कधीच नव्हती. डुकराच्या दलालासाठी ज्याला एक चुकीची रेघ चालत नव्हती, त्याने स्वतःच्या मुलीची चुकीची रेघ मुठीत धरून, ओळखून, गिळून टाकली होती.

घरी गेल्यावर मी हातही धुतले नाहीत. बीयुनच्या खाटेजवळ बसले आणि सगळं सांगितलं. सांगू नये असं क्षणभरही वाटलं नाही. कुणी म्हणेल तापातल्या माणसाला कशाला. म्हणू दे.

ती उठली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन बाहेरच्या खोलीत आली. सासरे भातावर लोणचं घेऊन जेवत होते. बीयुनने कापडातून नाणी काढली आणि त्यांच्या वाडग्याशेजारी टेबलावर टाकली.

"काय पडलं, बाबा?"

सासऱ्यांचा घास थांबला. "बीयुन, तुला ताप आहे."

"काय पडलं ते सांगा."

हात नाण्यांवरून फिरला. फिरायचं त्याला थांबवता आलं नाही, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. "दोन तोंडं, एक पाठ," ते हळूच म्हणाले.

"आणि त्या दिवशी सहावी रेघ?"

माझी धाकटी पोर रडायला लागली, तिला मी मांडीवर घेतलं.

"दोन तोंडं, एक पाठ," सासरे म्हणाले. "न हलणारी."

"मग खरी आकृती काय सांगत होती? वाचा."

आणि म्हाताऱ्याने वाचली! मला आजही त्याचं आश्चर्य वाटतं. आवाज पुलावरचा झाला, पाठ ताठ झाली. एकच रेघ हलते, तेव्हा तिचंच ऐकायचं. हंसाला पाण्यावरून खडक मिळतो, पाय रोवायला जागा मिळते, जोडीने खातोपितो. म्हणजे नवऱ्याच्या घरी मुलगी घट्ट बसते. रेघ सांधली की वारा निघतो. वाऱ्यात निघावं, जाण्यात भलं. "कुणी परकी मुलगी विचारायला आली असती," ते म्हणाले, "तर मी तिला सांगितलं असतं, आजच्या आज जा."

"मग मला विहीर का सांगितलीत?"

"विहीर तू सांगितलीस. मी फक्त वाचली."

मला वाटलं बीयुन ओरडेल. मी तरी ओरडले असते, वाडगा फेकला असता. ती समोरच्या स्टुलावर बसली, दोन्ही हात मांडीत घेऊन.

"तुम्हाला माझे डोळे नकोच होते."

"डोळे नको होते," सासरे म्हणाले. "अंधारात एकट्याला बसवत नाही, पोरी. शेजारी आपलं माणूस हवं होतं."

"मग तसं म्हणायचं होतंत, बाबा," बीयुन म्हणाली. "एकदा जरी म्हणाला असतात, तर मी राहिले असते."

सासऱ्यांनी नाणी चाचपून जवळ ओढली. "आता दोन वर्षं झाली," ते घाईघाईने म्हणाले, "आता हा वेगळा प्रश्न धरता येतो. पुन्हा टाकू. आता जायचं का, विचारू..."

"कुठे जायचं?" बीयुनने विचारलं. "हाइशंगला मुलगी झाली."

ताप उतरल्यावर ती पुन्हा पुलावर जायला लागली. मला वाटलं नव्हतं जाईल. पण गिरणीने तिची जागा कधीच भरली होती, आणि अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला ल्यूशीत तिच्या वयाचा बिनलग्नाचा पुरुष म्हणजे एक दारुडा आणि एक भिक्षू. ती बापाला हाताला धरून नेते, चहा ओतते, शेजारी बसते, संध्याकाळी आणते. फक्त बोलत नाही. त्यांच्याशी नाही, त्यांच्या गिऱ्हाइकांशी नाही. नाणी बशीत पडतात, सासरे सवयीने तिच्याकडे मान वळवतात, थांबतात, आणि मग सगळ्यांसमोर स्वतःच चाचपतात. हुआ मावशी म्हणते, केवढी सेवा करते बघा, तोंडातून एक शब्द नाही काढत. आपलं माणूस शेजारी हवं होतं ना? आहे. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आहे.

गेल्या महिन्यात एकदा दुपारी सासऱ्यांनी मला बोलावलं. बीयुन नदीवर कपडे धुवायला गेली होती. त्यांनी बशी मागितली. नाणी ओंजळीत धरून, ओठ हलवत, स्वतःसाठी टाकली. प्रश्न त्यांनी सांगितला नाही, मला विचारायची गरज नव्हती. सहा वेळा टाकली आणि सहाही वेळा अंगठा फिरवून मनात धरली.

"काय निघालं?" मी विचारलं.

"एकही रेघ हलत नाही." रेघ हलली नाही की पुढची आकृतीच निघत नाही, आज आहे तेच आहे. त्यांनी शेवटची नाणी बशीत तशीच ठेवली होती. "मेइजू, माझी बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. ही एवढी शेवटची बघ बरं. तिन्ही एकसारखी असतील. नीट बघ."

मी वाकून बघितलं. दोन पाठी, एक तोंड. तीन म्हटलं असतं तर म्हातारा रात्रभर सुखाने झोपला असता. त्याने पुन्हा अंगठा फिरवला नसता, मला खात्री आहे, मी सांगेन ते धरलं असतं.

"दोन पाठी, एक तोंड," मी म्हणाले. "तुमची बोटं बरोबर आहेत, बाबा."